नाव नसलेली किक

माझा धाकटा भाऊ एल्विन जन्माला आला तोच बडबडत, असं आमची आई म्हणायची. शाळेत त्याला बडबडीपायी कोपऱ्यात उभं करायचे, चर्चमधून बाहेर काढायचे, आणि शिकारीला तर कोणी बरोबर नेतच नसे. हा गप्प बसायचा नाही आणि कांगारू पळून जायचे. अशा माणसाला देवाने एकच जागा राखून ठेवली होती. आमच्या कॉर्कवुड गावच्या मैदानाकडेला एक जुनी शाळेची बस उभी आहे, चाकं केव्हाच गेलेली. तिच्यात रेडिओचं यंत्र बसवलंय. तिथून एल्विन दर शनिवारी फुटबॉलच्या मॅचचं धावतं वर्णन करायचा, आमच्या भाषेत, आणि ते सगळ्या वाळवंटात ऐकू जायचं. आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातांनीही झेलायचा आणि दोन उंच खांबांमधून मारायचा. शेजारी यंत्रापाशी मी. माझं नाव मर्टल. आवाज कमीजास्त करायचा, मध्यंतरात देवाची गाणी लावायची आणि एल्विनच्या तोंडून शिवी गेली तर खटका दाबून त्याचा आवाज तोडायचा, हे माझं काम. खटका मला पुष्कळदा दाबावा लागे.

आमच्या भाषेत शिकारीला शब्द आहेत, वाळूला आहेत, जावयाने सासूपासून किती लांब बसावं यालासुद्धा आहेत. फुटबॉलला नव्हते. इंग्रजी शब्द वापरायचा एल्विनला कंटाळा, म्हणून त्याने स्वतःचे केले. एकदा मॅच चालू असताना एक घोरपड मैदानात शिरली, मागे गावची सगळी कुत्री. खेळाडू थांबले, पंच थांबला, पण चेंडू कोणीतरी आधीच मारलेला होता. तो दोन उंच खांबांमधून पार झाला आणि त्याच वेळी घोरपड खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळात गडप झाली. "घोरपड बिळात!" एल्विन ओरडला. तेव्हापासून आमच्याकडे गोल होत नाही, घोरपड बिळात जाते. अलगद हातात येणारा झेल म्हणजे 'आजीचा पाव', कारण निखाऱ्यांतून काढलेला पाव आजी नातवाच्याच हातात देते, बाकीच्यांनी बघत बसायचं. मान वर करून एकटाच पळत सुटणारा खेळाडू म्हणजे 'उंट'. चेंडूवर सगळे एकमेकांच्या अंगावर पडले की 'भरली टोयोटा'.

हे शब्द मैदानात राहिले नाहीत. दवाखान्यातली नर्स म्हाताऱ्यांना गोळी गिळवली की म्हणायची, "घोरपड बिळात." शहरातून आमची भाषा शिकायला आलेल्या एका बाईंनी हा वाक्प्रचार फार प्राचीन आहे म्हणून लिहून घेतला. आम्ही कोणी काही बोललो नाही. बाई चांगल्या होत्या.

लोक एल्विनला विचारायचे, "सुचतं कसं रे तुला?" तो म्हणायचा, "सुचत नाही. मी तोंड उघडतो, तोवर शब्द बाहेर येऊन बसलेला असतो." मला ही फुशारकी वाटायची. पुढे कळलं की तो खरंच सांगत होता, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

आमची मधली बहीण कोरल. तिला एकच मुलगा. आमच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, तेव्हा तो माझाही मुलगा, आणि एल्विन त्याचा मामा. मामाचं नातं आमच्याकडे लाडापुरतं नसतं. भाच्याला वळण लावायचं मामाने, त्याच्या चुकीला उत्तर द्यायचं मामाने, आणि भाचा आधी गेला तर त्याचं शेवटचं सगळं बघायचं तेही मामानेच. मुलाचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. तेच नाव दुसऱ्या कोणाचं असेल तर लोक त्यालाही 'निनावी' म्हणायला लागतात. वर्षं जातात, रडणं सरतं, मग थोरली माणसं नाव मोकळं करतात. त्याचंही आता मोकळं केलंय. माझ्या जिभेवर ते अजून येत नाही, आणि मला कोणी घाई करू नये.

मिसरूड फुटायच्या आधीच तो मोठ्या माणसांत, आमच्या लाल जर्सीत खेळायला लागला. उंची बेताची, पाय काटकुळे. गोलाकडे पाठ, समोरून तिघे अंगावर येतायत, नजर भलतीकडेच, अशात तो अंग तिरकं टाकून चेंडू खांद्यावरून मागे उडवायचा. न बघता. चेंडू उंच चढायचा, वरच्या वर रेंगाळायचा, खाली यायचं असतं हे त्याला ठाऊकच नसल्यासारखा, आणि मग वळून बरोबर खांबांच्या मधोमध. पहिल्यांदा ती किक बघितली तेव्हा एल्विनने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आलं ते भाच्याचं नाव. नुसतं नाव, चेंडू वर असेपर्यंत लांबवत नेलेलं.

झालं. त्या किकचं तेच नाव पडलं. पोरं धुळीत तशी किक मारायला लागली आणि मारताना नाव ओरडायला लागली. दूरदूरच्या गावांतली, ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं तीसुद्धा. कोणी मागे न बघता गाडी उलटी घेतली की लोक म्हणायचे, काय मारलीस रे, आणि वर ते नाव. पत्ते खेळताना बायका पान खांद्यावरून टाकायच्या, ते नाव घेऊन. तो हे ऐकून लाजायचा. कोरल बिलकूल लाजायची नाही. पीठ घेऊन झालं तरी ती दुकानात रेंगाळत राहायची, कोणीतरी तिच्या मुलाचं नाव घेईल म्हणून. मी कितीदा तिला हाताला धरून बाहेर ओढलंय.

लहानपणी त्याचा घसा धरायचा, ताप यायचा. तो ताप जाऊन हृदयात बसला. आमच्याकडे अशी मुलं पुष्कळ आहेत. दर महिन्याला सुई घ्यायचा आणि खेळायचा. थंडीत एका सकाळी आईसाठी लाकडं फोडता फोडता खाली बसला. डॉक्टरांचं विमान येईपर्यंत नर्स त्याची छाती दाबत होती. विमान आलं आणि रिकामंच परत गेलं.

मग आम्ही करायचं ते केलं. त्याचं घर सोडलं, फांद्यांनी झाडलं, धूर फिरवला. टेकडीपलीकडे कोरड्या ओढ्याकाठी शोकाची छावणी पडली. पत्रे, ब्लँकेटं, पांढऱ्या मातीने माखलेल्या बायका. कोरलने बोलणं सोडलं. अशा वेळी आईने बोलायचं नसतं, हातांनी सांगायचं, आणि आमच्या बायकांच्या हातांपाशी जिभेइतकेच शब्द आहेत. ज्या ज्या टेपमध्ये त्याचं नाव होतं ती प्रत्येक टेप मी पेटीत घालून कुलूप लावलं. भिंतीवरचे टीमचे फोटो उलटे केले. मैदान बंद झालं, आसपासच्या गावांनीही मॅचेस थांबवल्या. कोणी नाव घेतलं नाही. त्या दिवसांत मला माझ्या माणसांचा फार अभिमान वाटला.

पण आम्ही माणसाचं नाव बंद केलं होतं. किकचं नाव बंद करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

काही आठवड्यांनी थोरल्यांनी कोरलला विचारून मैदान उघडलं. आधी सगळ्या मैदानावर धूर फिरवला, मग उपांत्य मॅच ठेवली. छावणीत बायकांनी रेडिओ लावला होता. तेवढीच जरा मनाला उसंत, असं कोरलनेच हातांनी सांगितलं होतं. एल्विन सुरुवातीला जपून बोलत होता. मग खेळ रंगला, त्याचा आवाज चढला, आणि मला वाटलं, माझा भाऊ परत आला. तेवढ्यात आमच्या एका पोराने गोलाकडे पाठ करून चेंडू खांद्यावरून मागे उडवला. एल्विनने तोंड उघडलं. नाव बाहेर आलं. पूर्ण, लांबवलेलं, पहिल्यांदा घेतलं होतं तितक्याच आनंदाने.

मी खटका दाबला तेव्हा उशीर झाला होता. तिकडे छावणीत कोरलने दगड उचलून स्वतःच्या डोक्यात घातला. बायकांनी हात धरले म्हणून वाचली. नर्सने टाके घातले. इकडे एल्विनने कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि बसमधून उतरून चालायला लागला. उरलेली मॅच कोणीच सांगितली नाही. मी देवाची गाणी लावून बसले होते, कोणती ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली माणसं झाडाखाली बसली. पर्सी आजोबा सगळ्यांत मोठे. एल्विन समोर जमिनीवर, मान खाली.

"शब्द कोणाचा?" आजोबांनी विचारलं.

"माझा."

"लोकांच्या तोंडात कोणी घातला?"

"मीच."

"मग जा आणि काढून आण. एकूण एक गावातून. अंतिम मॅचला तुझ्या तोंडून ते पुन्हा गेलं, तर त्या बसचं दार तुला कायमचं बंद."

"आजोबा, आत्ताच बंद करा ना. मला नाही बोलायचं आता."

"तुला काय पाहिजे ते कोण विचारतंय?" आजोबा म्हणाले. "जखम तिला झालीय. आधी तोंडं साफ करून ये."

त्याच्या हातात गाडी द्यायची माझी छाती होईना, म्हणून टोयोटा मी चालवली. गावोगाव गेलो. मोठी माणसं समजूतदार. "हो रे एल्विन, आम्ही नाही घेत," म्हणायची, चहा द्यायची, त्याच्याबरोबर बसून रडायची. पोरांचं तसं नव्हतं. व्हाइट गम गावच्या मैदानावर एक मुलगी कमरेवर हात ठेवून आमच्यापुढे उभी राहिली.

"आम्ही त्या दादाचं नाव नाही घेतलं," ती म्हणाली. "त्याला आम्ही निनावीदादाच म्हणतो. हे किकचं नाव आहे!"

"दोन्ही एकच ना गं, बाळा?" एल्विन म्हणाला.

"एक कसं? तो गेला. किक कुठे गेलीय?"

एल्विनने माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. अशा पोरांशी वाद घालण्यात मी आजवर कधी जिंकलेले नाही.

मग तो नवे शब्द वाटायला लागला. 'पाठमोरी' म्हणा. 'वाकडी वाट' म्हणा. 'कावळ्याची गिरकी' म्हणा. पोरं "हो मामा, हो मामा" करायची. मग चेंडू वर गेला की जुनंच नाव उसळून यायचं आणि पोरं आपल्याच तोंडावर हात मारून घ्यायची. एक बारकं तर भोकाड पसरून रडायला लागलं. त्याला उचलून घेतलं तर एल्विनच त्याच्यापेक्षा जास्त रडला.

"अळणी शब्द आहेत रे हे," मी परतताना म्हणाले.

"माहितीय गं ताई. बसून केलेत ना, म्हणून."

निघता निघता व्हाइट गमचा डार्सी गाडीपाशी आला होता. त्यांच्या निळ्या टीमचा लांबुळका पोरगा, पुढच्या फळीत खेळणारा. आमच्या मुलाने मागच्या वर्षी त्याला ती किक शिकवली होती, दोन टीममधली खुन्नस बाजूला ठेवून. खिडकीत वाकून त्याने विचारलं, "मामा, मी मारू की नको? मारली की लोकांच्या तोंडून नाव येणार. मला तर वेळ आली की दुसरी सुचतच नाही."

"नको मारूस," एल्विन म्हणाला.

वाटेत तो पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिला. किकच बंद करायची. कोणी मारली नाही तर कोणी नाव घेणार नाही, संपला विषय. थोरल्यांना सांगून सगळ्या टीमना निरोप धाडायचा. मलाही ते पटलं. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही, असंही वाटलं. छावणीत जाऊन मी कोरलच्या शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. एल्विनला तिच्यासमोर यायला बंदी होती. तिनेच घातली होती.

डोक्याला पट्टी, तोंडावर पांढरी माती, कोरल ऐकत होती. मी किक बंद करायचं बोलले आणि तिने माझ्या मनगटावर फटका मारला. चांगला जोरात. मग तिचे हात चालू झाले, इतके भरभर की मला तिला थांबवावं लागलं.

बंद करायची नाही, तिचे हात म्हणाले. घर गेलं, कपडे जाळले, आवाज कुलपात घातलात. एवढी एकच गोष्ट बाहेर फिरतेय. ती तरी फिरू द्या.

"मग नाव?"

नाव नको. नाव ऐकलं की तो दारात येऊन उभा राहतो. मी उठते, आणि नसतो.

"बरं. मग एल्विनला बोलायला नको सांगते. मॅच नुसती होऊ दे."

तिने मान हलवली. एल्विनने बोलायचं. मी इथे बसलेय. कोणी मारली तर मला कळणार कसं?

हे मी एल्विनला जाऊन सांगितलं तेव्हा तो बसच्या पायरीवर बसून होता.  मग म्हणाला, "पाठ फिरवली, अंग टाकलं, चेंडू मागे उडवला, असं सांगतो."

"ते तू रोजच सांगतोस. अशा तिरक्या किका मॅचमध्ये दहा होतात. तिला ही वेगळी कशी कळणार?"

"निनावीची किक म्हणू?"

"हा शब्द आपण रडताना वापरतो, एल्विन. तो तू गाड्यांच्या हॉर्नच्या गदारोळात ओरडून सांगणार? तिला?"

"मग काय करू ते तूच सांग ना! सगळं मलाच येतं का?"

मला काय ठाऊक असणार. मी फक्त खटका दाबणारी. डार्सीला मात्र त्याने निरोप पाठवला, की माझं म्हणणं मागे घेतो, तुला मारावीशी वाटली तर मार.

अंतिम मॅच आमचे लाल आणि त्यांचे निळे यांच्यात लागली, आमच्याच मैदानावर. सकाळपासून गाड्या येत होत्या. आमच्याकडे लोक मैदानाभोवती गाड्या लावून त्यातच बसतात, टपावर पोरं, समोर मॅच आणि गाडीच्या रेडिओवर एल्विन. डोळ्यांनी बघायचं आणि खरं काय झालं ते त्याच्याकडून ऐकायचं. गोल झाला की सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. वारा असला तर टेकडीपलीकडे छावणीतसुद्धा ते ऐकू जातं.

"ताई," सुरू करण्याआधी एल्विन म्हणाला, "पहिलं अक्षर निघालं की दाब. माझी वाट बघू नकोस. मी भाऊ आहे हे विसर."

मी बोट खटक्यावर ठेवलं ते मॅच संपेपर्यंत उचललं नाही.

एल्विन चांगलं बोलला. घोरपडी बिळात गेल्या, आज्यांनी पाव वाटले, एका निळ्या उंटाची त्याने अशी खेचली की व्हाइट गमच्या गाड्यांतूनही हसू ऐकू आलं. पण चेंडू गोलाच्या जवळ गेला की त्याचा आवाज बारीक व्हायचा.  दोनदा कोणीतरी पाठ फिरवली आणि माझं बोट खटका दाबायच्या बेतात आलं. दोन्हीदा साधी किक निघाली.

शेवटच्या भागात आम्ही चार गुणांनी पुढे होतो, आणि आमच्या खेळात एका गोलाचे सहा गुण. वेळ संपत आलेली. चेंडू डार्सीच्या हातात पडला, गोलाकडे पाठ, समोरून आमचे तिघे. त्याची नजर भलतीकडेच गेली आणि मला कळलं. एल्विनलाही कळलं. त्याने छातीत श्वास भरून घेतला, नाव घेण्याआधी घ्यायचा तसाच. तोंड उघडलं. डार्सीने अंग टाकलं आणि चेंडू खांद्यावरून मागे गेला.

एल्विनने तोंड मिटलं.

चेंडू वर चढला. एल्विनचा हात टेबलावरून उठला आणि चेंडूबरोबर वर जात राहिला. तो काही बोलत नव्हता. यंत्रावरचा काटा तळाला टेकला होता आणि सगळ्या वाळवंटात आमचा रेडिओ मुका झाला होता. मला खटका दाबायची गरज नव्हती तरी बोट हटेना. चेंडू वर रेंगाळला, वळला आणि खाली आला. पंचाने दोन्ही निशाणं हलवली. तेव्हा कुठे एल्विन म्हणाला, "गोल. निळ्यांचा." घोरपड नाही, बीळ नाही. साध्या आवाजात.

एकाही गाडीचा हॉर्न वाजला नाही. आपली टीम जिंकत असून व्हाइट गमच्या लोकांनी हात हॉर्नवरून बाजूला घेतले होते. टपावरची पोरंही गप्प. थोड्या वेळात भोंगा झाला. आम्ही त्या एका गोलाने हरलो.

आता ती रीतच पडलीय. आमच्याकडे कुठेही मॅच असो, माईकवर कोणीही असो, ती किक निघाली की बोलणारा थांबतो, चेंडू खाली येईपर्यंत. धुळीत खेळणारी पोरंही थांबतात. शिकवायला कोणी गेलं नव्हतं. सुरुवातीला शहरातल्या ऑफिसातून फोन यायचे, तुमची लाइन तुटली होती का म्हणून. मी म्हणायची, नाही, लाइन ठीक आहे.

पण त्या दिवशी एल्विनला हे काहीच ठाऊक नव्हतं. तो बसमध्ये तसाच बसून राहिला.

"घेतलं मी नाव, ताई," तो म्हणाला. "न बोलता घेतलं. इथे जेवढी माणसं होती तेवढ्यांनी मनातल्या मनात घेतलं असणार. ओरडलो असतो तर निदान तू तोडलं असतंस. हे कोण तोडणार होतं?"

मीसुद्धा घेतलं होतं. पर्सी आजोबा काठी टेकत बसच्या दाराशी आले. त्यांनी एल्विनला ना शाबासकी दिली, ना रागावले. "चल," म्हणाले. "ती काय म्हणते बघू. ती म्हणेल ते."

ऊन कलतं होतं. ओढ्यापाशी पोचलो तर छावणीत कोणी रडत नव्हतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. एल्विन छावणीपासून लांबच थांबला. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून तिच्याकडे पाठ करून वाळूत बसला, मान खाली घालून, मार खायला बसल्यासारखा. आजोबा त्याच्या शेजारी उभे राहिले. मी एकटी पुढे गेले.

कोरल रेडिओशेजारी बसली होती. रेडिओ बंद केलेला. गालावरच्या मातीत ओल्या रेघा होत्या, पण डोकं ठीक होतं, पट्टी जागेवर. हातात दगड नव्हता. मी समोर बसले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने हात उचलला.

कोणी मारली?

 "डार्सीने," मी म्हणाले. "व्हाइट गमचा. तुझ्याच पोराने शिकवलेला."

तिने मान हलवली. तो पोरगा कोण ते तिला माहीत होतं. मग ती थोडा वेळ रिकाम्या आभाळाकडे बघत होती. पुन्हा हात उचलले, या वेळी सावकाश, म्हणजे माझी चूक होऊ नये म्हणून, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे एल्विनच्या पाठीकडे हनुवटीने दाखवलं. त्याला सांग.

मी मोठ्याने सांगितलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

"ती म्हणतेय, लवकर संपली. आपल्या पोराची जास्त वेळ वर राहायची."

एल्विन वळला नाही. त्याचे खांदे हलायला लागले.

"हो," तो म्हणाला. "जास्त वेळ राहायची."